भाव उतरेपर्यंत

आमच्या गावाचे नाव कनेरगाव नाका. नावाला 'नाका' चिकटला तो उगीच नाही. पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा अंमल, आणि अलीकडे निजाम. निजामाच्या हद्दीत माल आणायचा तर करोडगिरी भरा. १८०२ च्या तहात तिचा दर शेकडा ५ ठरला होता. शिवाय पैसाही दोन जातींचा. पलीकडे कलदार, अलीकडे हाली. १९४८ साली निजामाचे राज्य गेले, तरी सात हाली म्हणजे सहा कलदार हा हिशेब पुढे काही वर्षे माणसांच्या तोंडी होता. अशा गावचा माणूस दुकानात शिरला की आधी वस्तू पाहत नाही, भाव विचारतो. आणि भाव ऐकला की म्हणतो, "बघू, पुढच्या बाजाराला."

हे पुराण लावण्याचे कारण एवढेच की घरात एक साधा, टेबलावरचा कॉम्प्युटर आणायला मला सव्वीस वर्षे लागली. दोष माझा नाही, नाक्याचा आहे, असे मी घरात सांगत असतो. कोणी मानत नाही.

पहिली खेप १९९९ सालची. त्या वर्षी १ मे रोजी हिंगोली जिल्हा झाला. मी बी. कॉम. करत होतो आणि स्वतंत्र जिल्ह्याच्या नागरिकाकडे कॉम्प्युटर हवाच असे माझे मत झाले होते. नांदेडच्या दुकानदाराने पॅडच्या कागदावर यादी लिहून दिली. सेलेरॉन प्रोसेसर, ३२ एमबी रॅम, ४ जीबी हार्ड डिस्क, चौदा इंची मॉनिटर. एकूण अडतीस हजार. वडिलांनी यादी किराण्याच्या यादीसारखी वाचली आणि विचारले, "यातलं काय कमी केलं तर चालंल?" मग म्हणाले, "दसऱ्यापर्यंत थांब. उतरंल."

वडिलांचे काही चुकले नव्हते. गॉर्डन मूर नावाच्या गृहस्थाने (पुढे हाच इंटेलचा एक संस्थापक) १९६५ सालीच लिहून ठेवले होते की एका चकतीवर बसणारे भाग दरवर्षी दुप्पट होत जातील. १९७५ साली त्याने 'दर दोन वर्षांनी' अशी दुरुस्ती केली. म्हणजे आज घेतलेली वस्तू उद्या निम्म्या किमतीची, हे शास्त्राने सिद्ध झालेले. शिवाय १९९७ साली भारताने माहिती तंत्रज्ञानाच्या जागतिक करारावर सही केली होती. कॉम्प्युटरवरची आयात जकात टप्प्याटप्प्याने शून्यावर यायची होती. नाका उठणार हे ठाऊक असताना आजच करोडगिरी कोण भरील? आम्ही थांबलो.

२१ सप्टेंबर १९९९ रोजी तैवानमध्ये भूकंप झाला. दोन हजारांवर माणसे गेली. जगाच्या चिपा जिथे बनतात त्या शिंचू गावच्या कारखान्यांची वीज गेली आणि काम ठप्प झाले. रॅमचे भाव भडकले. दसऱ्याला दुकानदाराने जुनी यादी खिशात घालून नवी लिहिली. मी घरी येऊन कुरकुरलो, तेव्हा वडील एकच बोलले, "माणसायची घरं पडली तिथं, अन् तू रॅम घेऊन बसला?" किल्लारीला सहाच वर्षे झाली होती. मी गप्प बसलो. त्या भूकंपाने मला न घेतलेल्या वस्तूचे नुकसान झाले, एवढी एक नोंद मात्र मनाच्या खतावणीत राहून गेली.

मधल्या काळात मी बँकेत लागलो. आमचे एक निवृत्त सहकारी ऐंशीच्या दशकात कॉम्प्युटरविरुद्धच्या मोर्चात होते. १९८३ साली बँका आणि संघटना यांच्यात यंत्रांबाबत करार झाला आणि यंत्रे हळूहळू आत आली. हे सहकारी मला म्हणायचे, "आम्ही त्याला बँकेबाहेर थांबवला, तू घराबाहेर थांबवतो आहेस. तुझा लढा मोठा." दिवसभर मी ज्याच्यापुढे बसतो तो कॉम्प्युटर बँकेचा. त्याच्यावर मी काय करतो हे घरच्यांना वर्णनाने सांगायचे, म्हणजे संजयासारखे.

आता कोणी म्हणेल, तयार डबा आणायचा, कशाला सुटे भाग निवडत बसायचे? पण ही सोय आयबीएमच्याच घाईतून झालेली आहे. १९८१ साली त्यांनी पीसी काढला तो बराचसा बाहेरचे भाग जोडून. प्रोसेसर इंटेलचा, डॉस मायक्रोसॉफ्टचे. स्वतःचे असे मुख्य म्हणजे बायॉस नावाचा छोटा प्रोग्राम. तसाच चालणारा दुसरा कॉम्पॅक कंपनीने स्वतः लिहून काढला आणि आयबीएमच्या हातचे गेले. मग कुणीही भाग आणावेत आणि जोडावेत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड यावरच जगला. तयार शर्ट घेणे आणि कापड घेऊन शिंप्याकडे जाणे यात जो फरक, तोच. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कापडवाले.

२०११ च्या दिवाळीला मी पुन्हा निघालो. त्याच ऑक्टोबरात थायलंडमध्ये महापूर आला. हार्ड डिस्क बनवणारे कारखाने पाण्यात गेले आणि डिस्कचे भाव महिन्याभरात दुपटीच्या घरात गेले. पैनगंगेला पूर आला तर हळद भिजते हे मला ठाऊक होते. दूरदेशीच्या पुरात माझी हार्ड डिस्क भिजेल हे कुणी सांगितले असते तर मी पासबुकावर शिक्का मारला नसता. घरी सांगितले, "थोडं थांबू." बायको म्हणाली, "सोन्याचंही असंच केलंत." यावर उत्तर नव्हते. अजूनही नाही.

आमच्या भागातले शेतकरी हळद घरात ठेवतात, भाव चढेल म्हणून. मी पैसा बँकेत ठेवतो, भाव उतरेल म्हणून. दोघांनाही कीड लागते, हळदीची दिसते.

माझी दिसली ती २०२१ साली. शाळा मोबाईलवर भरत होती आणि घरात मोबाईल एक, तोही माझा. मी बँकेत गेलो की मुलीची शाळा बंद. तेव्हाही मी दुकानात फोन लावला होता. जगभर चिपांचा तुटवडा, कारखाने मागे पडलेले, आणि आभासी नाणी खोदणाऱ्यांनी ग्राफिक कार्डे उचलून नेलेली. जे नाणे दिसत नाही, वाजत नाही, ज्याचे पासबुक नाही, त्याच्यापायी माझ्यासारख्या खातेदाराला कार्ड मिळेना! हा विनोद मी बँकेत चार जणांना सांगितला. संध्याकाळी घरी आलो तर मुलगी ओट्यावर बसून काहीतरी बडवत होती. साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर तिने पेनाने कीबोर्ड काढला होता. सगळी अक्षरे जागच्या जागी; स्पेसबार पट्टीने आखलेला. टायपिंग शिकत होती. मला पाहून तिने पुठ्ठा उलटा ठेवला.

चूक नव्हती ती, पण मी ओरडलो असतो तर बरे झाले असते. मी विचारले, "बॅकस्पेस कुठंय?" ती म्हणाली, "जागा नव्हती उरली."

तरी मी आणला नाही. भाव खरोखरच फार होते. हे वाक्य मी मोठ्याने म्हणून पाहिले आहे. ते बरोबर आहे आणि ऐकवत नाही.

२०२५ च्या अखेरीस ती डिप्लोमाला आहे आणि यादी तिनेच केली. मी विचारले, "दसऱ्यापर्यंत?" ती म्हणाली, "पप्पा, दसरा होऊन गेला. रॅम रोज वाढतेय." खरेच वाढत होती. या वेळी भूकंप नाही, पूर नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरांना मेमरी लागते म्हणून कारखाने तिकडे वळलेले. मायक्रॉनने तर डिसेंबरात क्रुशियल हा आपला किरकोळ गिऱ्हाइकांचा माल बंद करत असल्याचेच जाहीर केले. मी वर्तमानपत्र पुढे केले. "बघ, थोडं थांबलं तर—" तिने माझ्याकडे नुसते पाहिले. तिची आजीही असेच पाहायची.

नांदेडला तीच बोलली. ग्राफिक कार्ड नको, प्रोसेसरमध्येच ग्राफिक असलेला रायझन ५६००जी द्या. दुकानदार म्हणाला, कॅबिनेटबरोबर एसएमपीएस फुकट आहे. ती म्हणाली, "फुकटचा जळतो तेव्हा बाकीच्यांना घेऊन जळतो. आमच्याकडे लाइट कशी येते तुम्हाला काय माहीत!" आणि चांगल्या कंपनीचा घ्यायला लावला. जुनी फिरती डिस्क नको, एसएसडी. विंडोज नको, लिनक्स ती स्वतः टाकणार. रॅम मात्र ८ जीबीची एकच पट्टी. दोन असत्या तर ग्राफिक जास्त पळाले असते, पण दोनचा भाव ऐकून तीही क्षणभर माझी मुलगी झाली.

कॉम्प्युटर आता हळदीच्या पोत्यांच्या खोलीत आहे. बायकोने त्याला लोकरीचे झाकण विणले आहे. मुलगी ते काढून ठेवते, कारण हवा लागते म्हणे. आत मदरबोर्डावर रॅमची दुसरी खाच रिकामी आहे. तिच्यासाठी मी दर शनिवारी नांदेडला फोन करतो. दुकानदार आवाजावरूनच ओळखतो, भाव सांगतो आणि विचारतो, "पाठवू का साहेब?"

"बघू," मी म्हणतो, "पुढच्या बाजाराला."