शब्दार्थांची वही आणि इंग्रजीचे कोशकार

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाच्या दप्तरांत एके काळीं एक वही हमखास असावयाची. पानाच्या मधोमध उभी रेघ. रेघेच्या डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा मराठी अर्थ. दिवेलागण झाली, परवचा म्हणून झाला, कीं ही वही उघडावयाची आणि एक बाजू हातानें झांकून दुसरी घोकावयाची. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनीं मुलांना वाक्यें करावयास लावलीं हें खरें. परंतु घरची वही दोन रकान्यांचीच राहिली. तिच्यांत शेंकडों शब्द जमविलेला हुशार मुलगा साहेबापुढें उभा राहिला म्हणजे त्याच्या तोंडून चार शब्दांचें एक सरळ वाक्य निघूं नये, हा अनुभव आपल्याकडे इतका सार्वत्रिक होता कीं त्याबद्दल कोणाला आश्चर्यही वाटेनासें झालें. दोष मुलाच्या स्मरणशक्तीचा कीं त्या उभ्या रेघेचा, ह्या प्रश्नामागें ज्यांनीं वर्षानुवर्षें घालविलीं त्या मंडळींची हकीकत आज सांगावयाची आहे. त्यांपैकीं एक ढाक्यास होता आणि दुसरे टोकियोंत. लंडनमध्यें बसून हें काम झालें नाहीं, ही गोष्ट मला मोठी अर्थपूर्ण वाटते.

प्रथम अडचण नीट समजून घेऊं. समजा, एकाद्या परकीयानें ‘खाणें’ हा आपला शब्द वहींत उतरून घेतला आणि समोर स्वतःच्या भाषेंतील अर्थ लिहिला. जेवणाच्या पाटावर त्याचें काम भागेल. परंतु आपल्याकडे मनुष्य मार खातो, लांच खातो, हवा खातो; शहाणा असला तर गम खातो; आणि वेळीं-अवेळीं येणारा पाहुणा डोकें खातो. वहींतला अर्थ खोटा नव्हता, तो अपुरा होता. शिवाय अर्थ कळला तरी शब्दाची सोबत कळत नाहीं. आपला पाऊस मुसळधार पडतो, इंग्रजांचा ‘हेवी’ पडतो. आपला चहा कडक, त्यांचा ‘स्ट्राँग’. मुसळ तिकडे नेऊन उपयोग नाहीं आणि जडपणा इकडे आणून नाहीं.

मराठी शिकणाऱ्या इंग्रजांसाठीं ज्यांनीं कोश रचिले त्यांना ही गोष्ट पक्की ठाऊक होती. मोल्सवर्थ यांनीं जॉर्ज व टॉमस कँडी ह्या बंधूंच्या आणि ब्राह्मण पंडितांच्या साह्यानें १८३१ सालीं मुंबईस मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला व १८५७ सालीं त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति काढली. ‘डोळा’ हा शब्द त्यांत काढून पाहावा. अर्थ लवकर आटोपतो. पुढें डोळ्याचे वाक्प्रचार मात्र संपतां संपत नाहींत. म्हणीही त्यांनीं जागोजाग दिल्या आहेत. आमची भाषा शिकावयास आलेल्यांना असा कोश मिळाला. आणि त्यांची भाषा शिकावयास निघालेल्या आम्हांला? मोल्सवर्थ यांनींच आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश, प्रकृति बिघडून ते स्वदेशीं परतल्यावर, टॉमस कँडी यांनीं पुरा केला. तो १८४७ सालीं निघाला. ग्रंथ थोर, एकेका इंग्रजी शब्दासमोर मराठी प्रतिशब्दांची संपत्ति अशी कीं आजच्या लेखकालाही तिचा लोभ वाटावा. पण इंग्रजी शब्द इंग्रजी वाक्यांत कसा बसतो, हें सांगण्याचा त्याचा बाणा नव्हता. दोन रकान्यांच्या वहीचा हा एक भव्य विस्तार होता, असें म्हटल्यास अन्याय होऊं नये.

इंग्रजांच्या स्वतःच्या कोशांत उदाहरणांची चाल जुनी आहे. डॉक्टर जॉन्सन यांनीं १७५५ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोशांत ग्रंथकारांचीं एक लाखाहून अधिक अवतरणें घातलीं; १९२८ सालीं ऑक्सफर्डचा थोरला कोश पुरा झाला तेव्हां त्यांतील अवतरणांची संख्या १८ लाखांवर गेली होती. परंतु हीं अवतरणें शब्दाची साक्ष देण्यासाठीं होतीं, शिकणाऱ्याला वाट दाखविण्यासाठीं नव्हेत. जॉन्सन यांची तर गंमतच आहे. जाळीसारखा साधा शब्द समजाविण्यास त्यांनीं लॅटिन वळणाचे असे जडजंबाल शब्द योजिले कीं ज्याला जाळी ठाऊक होती तोही तींत अडकून पडावा.

आतां ढाक्याकडे वळूं. मायकेल वेस्ट हे १९१२ सालीं हिंदुस्थान सरकारच्या शिक्षणविषयक नोकरींत बंगालमध्यें आले व पुढें ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. द्वैभाषिकतेविषयींचा व विशेषतः बंगालविषयींचा त्यांचा ग्रंथ १९२६ सालीं कलकत्त्यास निघाला. त्यांत त्यांनीं जो प्रश्न विचारला तो एरवीं व्याकरणकारांना सुचत नाहीं. इंग्रजी शिकूं लागलेल्या मुलांपैकीं कितीतरी मुलें शेवटच्या परीक्षेपर्यंत पोहोंचतच नाहींत. तेव्हां जो मुलगा मधल्याच इयत्तेंतून शाळा सोडतो त्याच्या पदरीं काय पडतें? ह्यासाठीं वेस्ट यांनीं विम्याच्या धंद्यांतील एक कल्पना उचलली. विमा उतरणारानें हप्ते मध्येंच थांबविले तर कंपनी त्याला कांहीं रक्कम परत देते. तशी शिक्षणाचीही परत-किंमत असली पाहिजे. बंगाली मुलाच्या इंग्रजीची परत-किंमत त्यांच्या मतें फारच थोडी होती. तीन-चार वर्षें घालवून त्याला धड बोलतां येईना, लिहितां येईना, कीं वाचतां येईना. इंग्रजी शिक्षणाविषयीं ह्या देशांत पुष्कळ लिहिलें गेलें, पण इतका माणुसकीचा विचार मला त्यांत क्वचितच आढळला. आपले अभ्यासक्रम भावी पदवीधर डोळ्यांपुढें ठेवून आंखलेले असत. वाटेंत गळालेल्या पोराचा हिशेब कोणी ठेवीत नसे.

वेस्ट यांचा तोडगा असा कीं, मुलाला आधीं वाचतां आलें पाहिजे, बोलणें-लिहिणें मागाहून. वाचनाची गोडी लागावयाची तर पानोपानीं नवे शब्द आदळतां कामा नयेत. म्हणून त्यांनीं आपल्या ‘न्यू मेथड’ वाचनमालेंत नवे शब्द अंतराअंतरानें येतील आणि एकदां आलेला शब्द पुनःपुन्हां भेटत राहील अशी योजना केली. शब्द निवडले तेही वारंवार उपयोगीं पडणारे. हें करतां करतां कोशाचा प्रश्न उभा राहिला. ज्याला हजार-दीड हजार शब्द येतात त्यानें पुढचा शब्द कोशांत पाहावा, तर तेथें अर्थ सांगणारे शब्दच त्याला अनोळखी! आगींतून फुफाट्यांत, अशी गत. तेव्हां चीनमध्यें काम केलेले कॅनडाचे मिशनरी एंडिकॉट यांच्यासह वेस्ट यांनीं एक कोश रचला. तो १९३५ सालीं निघाला. सुमारें २४,००० शब्द व वाक्प्रचार त्यांत समजाविले आहेत, आणि ते सारे केवळ १,४९० शब्दांच्या भांडवलावर. अर्थ सांगतांना ह्या १,४९० शब्दांबाहेर जावयाचें नाहीं, हा दंडक. असें व्रत पाळणें किती कठीण, हें पाहावयाचें असेल तर श्रोत्यांपैकीं कोणीं ‘आळस’, ‘कीव’ किंवा ‘अब्रू’ ह्या शब्दांचे अर्थ चौथींतल्या मुलाच्या भाषेंत सांगून पाहावे! वेस्ट यांच्या कोशांत ह्या व्रतापायीं कित्येक अर्थ ओढाताणीचे झाले आहेत, हें कबूल केलें पाहिजे. आणि शब्द ओळखतां आला तरी तो वापरावा कसा, ह्या बाबतींत हा कोश फारशी मदत करीत नाहीं. वाचणाराचा तो कोश, लिहिणाराचा नव्हे.

लिहिणाराच्या कोशाची तयारी टोकियोंत चालली होती. हॅरल्ड पामर १९२२ सालीं जपानी शिक्षणखात्याचे भाषाविषयक सल्लागार म्हणून तेथें गेले, व दुसऱ्याच वर्षीं इंग्रजीच्या अध्यापनाचें संशोधन करणारी संस्था त्यांच्या नेतृत्वाखालीं निघाली. आल्बर्ट सिडनी हॉर्नबी हा तरुण १९२४ सालीं जपानांत आला तो वाङ्मय शिकविण्यासाठीं. पण विद्यार्थ्यांना वाङ्मयाआधीं भाषा हवी आहे हें त्याच्या ध्यानीं आलें आणि तो पामर यांच्या कामांत ओढला गेला. कोणता इंग्रजी शब्द कोणत्या शब्दाबरोबर नांदतो, ह्याची पामर यांनीं केलेली मोठी यादी १९३३ सालीं प्रसिद्ध झाली. १९३६ सालीं पामर इंग्लंडला परतले. पुढें कोशाचें काम हॉर्नबी, गेटनबी आणि वेकफील्ड ह्या तिघांनीं तडीस नेलें.

ह्या कोशाची दृष्टि एका उदाहरणानें स्पष्ट होईल. ‘आय वाँट यू टु गो’ हें वाक्य शुद्ध. म्हणून शिकणारा ‘आय सजेस्ट यू टु गो’ असेंही म्हणून जातो. शब्दांचे अर्थ त्याला बरोबर ठाऊक आहेत, तरी वाक्य इंग्रजी नव्हे. ‘एक्स्प्लेन मी’ ही आपल्याकडची नित्याची चूक ह्याच जातीची. मराठींत ‘मला सांग’ आणि ‘मला समजावून सांग’ ह्यांची घडण एकच; इंग्रजींत मात्र ‘टेल मी’ चालतें आणि दुसऱ्या ठिकाणीं ‘टु मी’ लागतें. दोन रकान्यांच्या वहींत हा भेद लिहावयास जागा नाहीं. हॉर्नबी यांनीं क्रियापदांच्या वाक्यरचनेचे २५ साचे ठरविले आणि कोणतें क्रियापद कोणत्या साच्यांत बसतें हें कोशांत त्या त्या शब्दापुढेंच नोंदविलें. नामांपैकीं कोणतीं मोजतां येतात व कोणतीं नाहींत हेंही खुणेनें दाखविलें. ‘इन्फर्मेशन’ किंवा ‘फर्निचर’ ह्यांचें अनेकवचन करूं पाहणाराचा हात ती खूण पाहून आवरतो. आणि ह्या सर्वांवर कडी म्हणजे वाक्यें. तीं कवींच्या ग्रंथांतून वेंचलेलीं नव्हेत. रोजच्या व्यवहारांतलीं, लहान, शिकणाऱ्याला जशींच्या तशीं उचलतां येतील अशीं आहेत.

काम हातावेगळें होतें न होतें तोंच डिसेंबर १९४१ मध्यें जपान इंग्लंड-अमेरिकेविरुद्ध युद्धांत उतरलें. हॉर्नबी स्थानबद्ध झाले व १९४२ सालीं उभय पक्षांनीं केलेल्या नागरिकांच्या अदलाबदलींत स्वदेशीं परतले. जपानांत इंग्रजी ही आतां शत्रूची भाषा होती. तरी त्याच वर्षीं, टोकियोच्या कैताकुशा ह्या प्रकाशनसंस्थेनें हा कोश छापून बाहेर काढला. रणांगणावर माणसें मरत असतां एका राजधानींत कोणी तरी शत्रूच्या भाषेंतील क्रियापदांचे साचे तपासून छापीत होता, ह्या गोष्टीचा विचार केला म्हणजे मन क्षणभर थबकतें. १९४८ सालीं ऑक्सफर्डच्या छापखान्यानें तोच कोश नवें नांव देऊन काढला. १९५२ पासून त्या नांवांत ‘ॲडव्हान्स्ड’ हा शब्द आला. आपल्या घरांतल्या कपाटांत बांधणीचे टांके सुटलेला जो ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ कोश कित्येकांनीं पाहिला असेल, तो ह्याच वंशांतला.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. १९७८ सालीं लाँगमन यांनीं काढलेल्या कोशांत सुमारें २,००० शब्दांतच सर्व अर्थ सांगण्याचें बंधन स्वीकारलें गेलें. वेस्ट यांचें व्रत असें पुनः चालू झालें. १९८७ सालीं बर्मिंगहॅमच्या जॉन सिंक्लेअर यांनीं ‘कोबिल्ड’ हा कोश काढला, तेव्हां मात्र मोठा खटका उडाला. संगणकांत सांठविलेल्या खऱ्याखुऱ्या लेखन-भाषणांतून त्यांनीं उदाहरणें घेतलीं आणि कोशकारानें घरीं बसून रचलेलीं वाक्यें त्याज्य ठरविलीं. अर्थही त्यांनीं पूर्ण वाक्यांत सांगितले, त्यामुळें शब्द कोणाच्या संगतींत वावरतो हें अर्थाबरोबरच कळतें. ह्या दुसऱ्या गोष्टीबद्दल त्यांचे जितके आभार मानावे तितके थोडे. पहिल्या गोष्टीविषयीं मी थोडा साशंक आहें. खऱ्या वाक्याला मागचा-पुढचा संदर्भ असतो, तो कोशांत येत नाहीं. आणि नवशिक्याला एका शब्दापायीं दुसरे चार शब्द अडवून ठेवतात. मला विचाराल तर पहिलीं कांहीं वर्षें हॉर्नबी यांचीं रचलेलीं वाक्यें आणि त्यानंतर सिंक्लेअर यांनीं वेंचलेलीं, असा क्रम मुलांच्या हिताचा आहे.