तळटीप : डासाच्या जठरातले काळे कण

काळे कण : २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत जे रंगकण दिसले, ते मुळात रुग्णाच्या रक्तातले हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोह असलेला घटक. हिवतापाचा परजीवी लाल पेशीतले हिमोग्लोबिन पचवतो; सुटे झालेले हीम त्याला विषारी, म्हणून तो त्याचे स्फटिक करून टाकतो. लेखक याला नुसते ‘लोहाचा रंग’ म्हणून पुढे जातात. पण ते लोह हीममध्ये बसले कसे, हे सांगायलाच हवे, कारण खरे नवल तिथेच आहे.

लाल पेशींतले हे हीम घडते अस्थिमज्जेतल्या कोवळ्या पेशींत. टप्पे आठ : पहिला मायटोकॉन्ड्रियात, पुढचे चार पेशीद्रवात, शेवटचे तीन पुन्हा मायटोकॉन्ड्रियात. ग्लायसीन आणि सक्सिनिल-कोएन्झाइम-ए यांपासून सुरुवात होऊन पोर्फिरिनचे कडे तयार होते. रक्तातले लोह ट्रान्सफेरिन या प्रथिनावरून येते, पेशीत फेरिकचे फेरस होते, आणि अगदी शेवटी फेरोकेलाटेज हे विकर ते कड्याच्या मध्यभागी बसवते. लोह अपुरे असेल तर तिथे जस्त बसते. रक्तातले असे जस्त-प्रोटोपोर्फिरिन मोजून लोहाची कमतरता ओळखतात. पक्व लाल पेशीत मायटोकॉन्ड्रिया उरत नाहीत, त्यामुळे परजीवीने संपवलेले हीम ती पेशी पुन्हा घडवू शकत नाही. भरपाई मज्जेनेच करायची, आणि त्यासाठी तिला लोह हवे. सिकंदराबादेच्या जोडशहरातल्या, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने पुढे आयोडीनसोबत लोहही घातलेले मीठ विकसित केले, ते लोहाची ही गरज रोजच्या जेवणातून भागावी म्हणून.