पत्रीच्या टोपलीपासून तंबाखूच्या वखारीपर्यंत

गणपतीच्या एकवीस पत्रींची यादी एकदा वेगळ्या नजरेने वाचून पाहावी. माका केसांच्या तेलात जाणारा. तुळस आणि दूर्वा उन्हाळी पुरळावर वाटून लावायच्या. डाळिंब, बेल, आघाडा, जाई यांचं घरच्या औषधात काही ना काही काम ठरलेलंच. पण याच यादीत रुई आहे, धोत्रा आहे, कण्हेरही आहे. या तिन्ही झाडांना पोरांनी हात लावला की घरातलं मोठं माणूस ओरडायचं, आणि पत्री वाहून झाली की आधी हात धुवायला लावायचं. कुठली पानं अंगाला लावायची आणि कुठल्या पानांचा चीक डोळ्यांपासून लांब ठेवायचा, ही समज पूजेसोबत घराघरांत मुरलेली होती.

यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही हाच विषय घेतला. क्रीम, लोशन आणि अंगाला लावायच्या नळ्या येण्याआधी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यातल्या माणसांनी कातडी कशी सांभाळली, ऊन आणि डास कसे परतवले? हल्ली बाजारात ‘नैसर्गिक’ असं छापलेल्या बाटल्यांची रांग लागली आहे, म्हणून हे पाहण्यात नुसतं स्मरणरंजन नाही. त्यात काही गोष्टी खरोखर उपयोगाच्या होत्या, काही निरुपयोगी, आणि काही चक्क घातक.

सुरुवात न्हाणीघरापासून करू. शिकेकाई हा शब्द आपण अस्सल मराठी समजून वापरतो, पण कन्नडमध्ये तिला सीगेकायी म्हणतात, आणि त्यातला ‘कायी’ म्हणजे शेंग किंवा कच्चं फळ. वस्तू घाटातल्या रानातून आली ती नाव घेऊनच आली. गावांच्या पाट्यांवरून आपल्याकडे जे काही चाललं आहे ते चालत राहील. न्हाणीघरात मात्र दोन्ही भाषा फार पूर्वीपासून एका चुलाण्यावर नांदल्या आहेत. पाडव्याला आपण कडुनिंब आणि गूळ खातो, शेजारच्या घरी तेच बेवू-बेल्ल होतं. करंजाला पलीकडे होंगे म्हणतात, तेल तेच.

शिकेकाई आणि रिठा यांत फेस आणणारं जे द्रव्य असतं ते मळ सोडवतं, पण साबणाइतकं तेल ओरबाडत नाही. डोळ्यांत गेलं की मात्र काय होतं ते शनिवारी-रविवारी न्हायलेल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. रोजच्या आंघोळीला हरभऱ्याचं पीठ, आणि दिवाळीला उटणं. त्यात आंबेहळद, नागरमोथा, वाळा, गव्हला कचोरा, संत्र्याची वाळवलेली साल. साबण आला तोही आपल्या सीमेवरच्या पद्धतीने, दोन्ही बाजूंनी. पहिल्या महायुद्धात चंदनाची निर्यात थांबली तेव्हा म्हैसूर संस्थानाने १९१६ साली चंदनतेलाचा कारखाना काढला, आणि दोन वर्षांत बेंगळुरात सरकारी साबण कारखाना उभा राहिला. त्यामुळे आपल्याकडे अभ्यंगस्नानाला कुणाच्या घरी मोती, कुणाच्या घरी म्हैसूर सँडल, आणि नेमका कुठला साबण खरा दिवाळीचा यावर जावांमध्ये वाद.

हळदीबद्दल फार लिहीत नाही, कारण ती सर्वांना पाठ आहे. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत. चिकोडी-रायबाग भागातही ती पिकते. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाशी संबंधित संशोधकांना ‘जखमेवर हळद’ या वापरासाठी पेटंट मिळालं होतं. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि छापील लेख पुरावा म्हणून मांडले, आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. त्या वेळी परिषदेचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर होते. कडुनिंबाच्या तेलावर आधारलेल्या बुरशीनाशकाचं युरोपातलं पेटंटही २००० साली रद्द झालं आणि २००५ मध्ये त्यावरचं अपील फेटाळलं गेलं. आजीला यातलं काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. मात्र एक सांगायला हवं. हळद जखमेला चांगली म्हणून ती उन्हालाही अडवते, ही समजूत खरी नाही. आणि बाजारातली भडक पिवळी पूड अंगाला लावण्याआधी ती कुठून आली हे विचारावं. हळदीला रंग चढवण्यासाठी शिशाचं संयुग मिसळल्याची प्रकरणं उघडकीला आलेली आहेत.

कुंकवाचीही तीच कथा. खरं कुंकू हळदीचंच. हळकुंडाला चुना आणि टाकणखाराची पुटं दिली की पिवळ्याचं लाल होतं. खाली मेणाचं बोट, वर कुंकू. नंतर रंग घातलेली स्वस्त कुंकवं आली, मग चिकटवायच्या टिकल्या आल्या. टिकलीच्या चिकटद्रव्यातल्या एका रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडतो, हे त्वचारोगतज्ज्ञांनी पुष्कळ नोंदवलं आहे. आपल्यातल्या कितीतरी बायकांनी तो डाग ‘कोड’ म्हणून लपवला, आणि त्यापायी नको ते ऐकून घेतलं.

पण आमच्या मते या भागातल्या कातडीचा खरा इतिहास चेहऱ्यावर नाही, पायांवर आहे. बेळगावच्या पश्चिमेला आणि खानापुरात पाऊस घाटाचा. भातलावणीचे दिवस म्हणजे सकाळपासून दिवे लागेपर्यंत चिखलात उभं राहणं. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, फुगतात, चिरतात, त्यात बुरशी वाढते. यालाच चिखल्या म्हणतात. त्यावर तोडगा लावणीच्या आधीच करायचा: आषाढात तळव्यांना आणि बोटांच्या बेचक्यांत मेंदी. आज मेंदी म्हटलं की हातावरची नक्षी आठवते, पण लावणीला जाणारी बाई नक्षी काढत नव्हती, गोळा थापत होती. मेंदीतल्या रंगद्रव्याचा बुरशीवर परिणाम होतो हे प्रयोगशाळेतही दिसून आलं आहे. (जत्रेत मिळणारी काळी मेंदी ही वेगळीच चीज. तिच्यात केसांच्या कलपाचं रसायन असतं आणि तिने हात भाजल्यासारखे होतात.)

हिवाळ्यात भेगा. त्यावर कोकमाचं तेल, म्हणजे भिरंडेल. कोकमाच्या बिया कुटून, पाण्यात उकळून वर आलेली चरबी गोळा करायची आणि मुठीत वळायची, म्हणून कुणी त्याला मुठेलही म्हणतात. थंडीत ते दगडासारखं, दिव्यावर धरलं की वितळणारं. भेगेत थेंब सोडून रात्री फडकं बांधायचं. हे आपलं नव्हे, कोकणातलं. पण रेल्वे येण्यापूर्वी बेळगावचं बंदर म्हणजे वेंगुर्लाच. रामघाटातून मीठ, सुकी मासळी, नारळ वर येत, त्यांच्याबरोबर भिरंडेलाचे गोळे.

आणि बिब्बा. या एका फळाने आपल्याकडे जितकं भलं केलं तितकंच नुकसान. टाचेच्या भेगेवर, रुतलेल्या काट्यावर, मुरगळलेल्या पायावर दिव्यावर तापवलेल्या बिब्ब्याचं तेल लावायचं. परीट त्याच तेलाने कपड्यांवर खुणा करत, आणि ती खूण कितीही धुतली तरी जात नसे. यावरून ते तेल कातडीवर काय करत असेल याचा अंदाज यावा. काहींना ते पचायचं. काहींना ‘बिब्बा उतायचा’: फोड, सूज, खाज, पाणी सुटणं, आणि शेवटी काळे डाग. बिब्बा आणि काजू एकाच कुळातले. काजूच्या टरफलातल्या तेलाचाही गुण हाच. चंदगड-बेळगावकडच्या काजू कारखान्यांत टरफलं फोडणाऱ्या बायका हातांना एरंडेल किंवा राख चोळून बसतात ती यासाठी. बिब्बा उतला की खोबरं किंवा तीळ वाटून लावत. त्याने थंडावा मिळे, पण दोष जात नसे. आम्ही स्पष्टच सांगतो, बिब्बा आता संग्रहालयात ठेवण्याची वस्तू आहे. आतली गोडंबी मात्र लाडवात जरूर घाला.

ऊन अडवायला आपल्याकडे लेप असा नव्हताच. होतं ते कापड आणि वेळापत्रक. पुरुषांचं पागोटं किंवा पटका, बायकांचा डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला पदर, धनगराचं घोंगडं, पावसात इरलं. पहाटे औत धरायचं, डोक्यावर सूर्य आला की बैल सोडून झाडाखाली बसायचं, उतरत्या उन्हात पुन्हा कामाला लागायचं. घट्ट विणीचं जाड कापड सूर्याचे अपायकारक किरण तेलापेक्षा कितीतरी चांगले रोखतं. खोबरेल लावून उन्हात गेल्याने संरक्षण मिळतं हा भ्रम. लिंबू चोळून उन्हात जाणं तर त्याहून वाईट, कारण लिंबाच्या रसावर ऊन पडलं की कातडी पोळते आणि तिथे महिनोन्‌महिने काळे चट्टे राहतात. गोरं होण्याच्या नादात हे उपाय फोफावले. शेतात राबणाऱ्या बाईला गोरेपणाची चैन नव्हती, ती पदर ओढायची तो तळपत्या उन्हापासून सुटका म्हणून.

आता डास. तिन्हीसांजेला गोठ्यात गोवरी पेटवून वर कडुनिंबाचा ओला पाला टाकायचा, घरात ऊद. गुरांच्या गोचिडांवर करंजेल. लुगड्यांच्या ट्रंकेत वेखंडाचे तुकडे. धुराने डास हटत, माणसांचे डोळेही चुरचुरत. पण खानापूरच्या रानपट्ट्यातला हिवताप धुराला भीक घालणारा नव्हता. कारवारकडच्या आणि धारवाडच्या जंगलपट्टीत तापाने गावं ओस पडत. तेव्हा आपण मुंबई इलाख्यात होतो. दुसरं महायुद्ध संपताच डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी कारवार आणि धारवाड जिल्ह्यांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याचं मोठं काम हाती घेतलं. देशातल्या पहिल्या मोठ्या प्रयोगांपैकी तो एक. १९५३ साली हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला त्यामागे या अनुभवाचा मोठा वाटा होता. भिंतीवर पांढरे पट्टे मारून जाणारे फवारणीवाले आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असतील. डीडीटीचे दुष्परिणाम पुढे जगाने पाहिले, हे खरं. पण त्या पट्ट्यांनी वाचवलेली माणसंही खरी.

डासांची अगरबत्ती, म्हणजे ती गोल कॉइल, जपानची. एइइचिरो उएयामा या उद्योजकाने शेवंतीच्या कुळातल्या एका फुलाची पूड घालून ती बनवली, आणि काडीऐवजी वेटोळं करायची युक्ती त्याच्या पत्नीची, असं सांगतात. म्हणजे ही शहरी वाटणारी वस्तूही मुळात एका फुलाचीच.

आणि आपल्या घरचं कीटकनाशक? ते तर निपाणीच्या वखारीत पोत्यांनी भरलेलं होतं. तंबाखूची पानं भिजवून, त्या पाण्यात थोडा साबण घालून माव्यावर फवारायचं, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागलं नाही. निकोटीन किड्याच्या मज्जासंस्थेवर घाव घालतं. जगभर ते कीटकनाशक म्हणून विकलं गेलं. पण तेच पाणी पोरींच्या केसांतल्या उवांवरही वापरलं जाई, सीताफळाच्या बियांच्या पुडीसारखंच. हे दोन्ही उपाय अजून सांगितले जातात, म्हणून लिहितो. सीताफळाची पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होते, दृष्टीवर बेतू शकतं. तंबाखूचं पाणी टाळूतून थेट रक्तात उतरतं. लहान मुलाला उलट्या, घेरी, झटके येऊ शकतात. उवांना बारीक फणी आणि धीर पुरतो, फार झालं तर डॉक्टरांनी दिलेलं औषध.

कातडीतून तंबाखू अंगात भिनतो हे निपाणीच्या बायकांना कुठल्याही पुस्तकाआधी कळलं होतं. दंव पडलेल्या सकाळी ओल्या पिकात शेंडे आणि कोंब खुडताना हातांना काळा चिकट थर बसे, आणि दुपारपर्यंत मळमळ, डोकं गरगरणं सुरू होई. वैद्यकात याला नाव पुष्कळ नंतर मिळालं. वखारीत तर तंबाखू कुटायचा, चाळायचा. नाकातोंडाला लुगड्याचा फाटका तुकडा बांधून, धुरळ्यात दिवसभर. जे द्रव्य किड्यांना मारतं ते त्या रोज श्वासातून घेत होत्या. त्यांच्या संघटनेवर ‘युगांतर’ या चित्रपट गटाने १९८२ साली ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. त्यात त्या बायका स्वतःच बोलतात. निपाणी म्हटलं की आपल्याला १९८१ चं तंबाखू उत्पादकांचं आंदोलन आणि ६ एप्रिलचा गोळीबार आठवतो. आठवायलाच हवा. पण तंबाखूच्या दराची चर्चा झाली तितकी तो हाताळणाऱ्या हातांची झाली नाही.

खानापूरच्या डोंगराकडे आता नवी काळजी आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला माकडताप गोचिडांमुळे पसरतो. २०१५-१६ पासून तो गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गात दिसू लागला, आणि गोव्याच्या काजूबागांत हंगामाला गेलेले बेळगाव जिल्ह्यातले मजूरही त्याने आजारी पडले. इथे कडुनिंबावर किंवा करंजेलावर भिस्त ठेवून चालणार नाही. आरोग्य खातं गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल वाटतं. ते रानात जाण्याआधी हातापायांना लावायचं. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायात मोजे, विजार मोज्यात खोचलेली. घरी परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकायचे, साबणाने आंघोळ करायची, आणि काखा, जांघा, कानांमागे गोचीड चिकटलेला नाही ना हे एकमेकांनी पाहायचं. जवळपास माकड मेलेलं दिसलं तर तिकडे फिरकायचं नाही, आरोग्य केंद्राला कळवायचं. आपल्यापैकी ज्यांची गावं चोर्ल्याच्या आणि कणकुंबीच्या बाजूला आहेत, त्यांनी काजूचा हंगाम सुरू होण्याआधी एवढं गावाकडे फोन करून सांगावं.