हिमबिबट्याचे संरक्षण

मध्य व दक्षिण आशियातील उंच पर्वतप्रदेशांत राहणाऱ्या हिमबिबट्याच्या रक्षणासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून झालेले प्रयत्न. मार्जार कुलातील या प्राण्याचे शास्त्रीय नाव पँथेरा अन्सिया असून त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन जर्मन निसर्गवैज्ञानिक योहान श्रेबर यांनी १७७५ मध्ये केले. लडाखमध्ये त्यास ‘शान’ म्हणतात. भारत, नेपाळ, भूतान, पाकिस्तान, अफगाणिस्तान, चीन, मंगोलिया, रशिया, कझाकस्तान, किरगिझस्तान, ताजिकिस्तान व उझबेकिस्तान या बारा देशांत तो आढळतो. हिमालयात त्याचा वास मुख्यत्वे सु. ३,००० मी.हून अधिक उंचीवर असतो. भरल व आयबेक्स हे त्याचे प्रमुख भक्ष्य होय. ते विरळ असल्यामुळे एकेका हिमबिबट्यास विस्तीर्ण प्रदेश लागतो. हीच गोष्ट त्याच्या संरक्षणाच्या इतिहासात निर्णायक ठरली आहे.

कायदेशीर संरक्षण : दाट, मऊ केसांच्या कातडीसाठी या प्राण्याची दीर्घकाळ शिकार होत आली. सोव्हिएट राजवटीत किरगिझस्तानातून अनेक हिमबिबटे जिवंत पकडून प्राणिसंग्रहालयांना पाठविले गेले. १९७२ मध्ये त्याची गणना संकटग्रस्त प्राण्यांत झाली. त्याच वर्षीच्या भारतीय वन्यजीव संरक्षण अधिनियमाने त्यास पहिल्या अनुसूचीत स्थान दिले, तर १९७५ मध्ये वन्य प्राण्यांच्या व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात त्याचा समावेश होऊन त्याच्या कातडीचा व अवयवांचा आंतरराष्ट्रीय व्यापार निषिद्ध ठरला. लडाखमधील हेमिस राष्ट्रीय उद्यान १९८१ मध्ये स्थापन झाले.

संशोधन : कायदे झाले, तरी प्राण्याविषयीची माहिती तुटपुंजीच होती. जॉर्ज शॅलर यांनी १९७० मध्ये पाकिस्तानातील चित्रळ भागात घेतलेली छायाचित्रे ही नैसर्गिक अधिवासातील हिमबिबट्याच्या अगदी आरंभीच्या छायाचित्रांपैकी होत. १९८२ पासून रॉडनी जॅक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम नेपाळातील लांगू खोऱ्यात काही हिमबिबट्यांच्या गळ्यांत रेडिओ-पट्टे बांधून त्यांच्या हालचालींचा मागोवा घेतला. पुढे मंगोलियात उपग्रहाधारित पट्ट्यांच्या साहाय्याने केलेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावरून असे दिसले, की या प्राण्याच्या प्रदेशातील सु. ४० टक्के संरक्षित क्षेत्रे एका प्रौढ नराच्या वावरक्षेत्राहूनही लहान आहेत. साहजिकच हिमबिबट्याचा बराचसा वावर उद्यानांबाहेर, पशुपालकांच्या कुरणांत असतो.

पशुपालकांचा सहभाग : हिमबिबट्या गोठ्यात शिरला, तर कोंडलेली अनेक शेळ्यामेंढ्या एकाच रात्रीत मारतो. कायद्याने शिकाऱ्यावर बंधन घातले. तथापि पुष्कळदा हिमबिबट्यास मारणारा हा कातड्याचा व्यापारी नसून कळप गमावलेला मेंढपाळ असे. संरक्षणाचा भार गरीब कुटुंबांवर आणि लाभ दूरच्या जगास, ही विसंगती दूर केल्याखेरीज कायद्यास यश नाही, हे हळूहळू ध्यानात आले. हिमाचल प्रदेशाच्या स्पिती खोऱ्यातील किब्बर गावाने १९९८ च्या सुमारास मोबदल्याच्या बोलीवर कुरणाचा काही भाग भरलांसाठी राखून ठेवला. २००२ मध्ये तेथे पशुविमा योजना सुरू झाली. तीत गुरांचे मालक हप्ता भरतात आणि गावाची समिती भरपाई ठरविते. पाकिस्तानातील बाल्टिस्तानात १९९९ पासून अशीच योजना आहे. लडाखमध्ये गोठ्यांच्या छतांवर तारेची जाळी व भक्कम दारे बसविण्यात आली, तसेच पर्यटकांना गावातील घरांतच उतरविण्याची प्रथा पाडून प्राण्याच्या अस्तित्वापासून गावास उत्पन्न मिळेल असे पाहिले गेले. मंगोलियात १९९८ पासून लोकरीच्या वस्तू करणाऱ्या स्त्रियांना योग्य भाव व वर्षअखेर जादा रक्कम मिळते. मात्र परिसरात शिकार झाल्यास सर्वांची जादा रक्कम रद्द होते.

अलीकडील घडामोडी : १९९१ मध्ये सोव्हिएट संघराज्याच्या विघटनानंतर मध्य आशियात दारिद्र्य वाढले व चोरट्या शिकारीस ऊत आला. तिला आळा घालण्यासाठी किरगिझस्तानात १९९९ मध्ये ‘बार्स’ हे गस्ती पथक उभारण्यात आले. भारताने २००९ मध्ये हिमबिबट्या प्रकल्प हाती घेतला. त्यात संरक्षित क्षेत्रांबाहेरील प्रदेश व स्थानिक लोकांचा सहभाग यांवर भर होता. २०१३ मध्ये बिश्केक येथे बाराही देशांनी संयुक्त जाहीरनामा स्वीकारला. भारतात २०१९ ते २०२३ या काळात झालेल्या पहिल्या देशव्यापी गणनेचा अहवाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात ७१८ हिमबिबटे असून त्यांपैकी ४७७ लडाखमध्ये, १२४ उत्तराखंडात, ५१ हिमाचल प्रदेशात, ३६ अरुणाचल प्रदेशात, २१ सिक्कीममध्ये व ९ जम्मू-काश्मीरमध्ये आहेत.

२०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या प्राण्याचा दर्जा ‘संकटग्रस्त’ वरून ‘असुरक्षित’ असा बदलला. गणना फारच थोड्या क्षेत्रात झाली असल्याने या निर्णयावर काही तज्ज्ञांनी आक्षेप घेतला. खाणी, रस्ते, मोकाट कुत्री आणि तापमानवाढीमुळे वर सरकणारी वृक्षरेषा यांचा धोका कायम आहे. या धोक्यांपुढे हा प्राणी टिकेल की नाही, हे कुरणांचे व्यवस्थापन कोण व कसे करतो यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून राहील.