ग्वाल्हेरची गायकी : चोरून ऐकलेल्या तानेपासून गोमंतकापर्यंत

ख्यालगायनाच्या घराण्यांपैकी ग्वाल्हेर हे आद्य घराणे मानले जाते. राजा मानसिंह तोमराच्या काळात (१४८६–१५१६) या नगरीने धृपदाला आश्रय दिला, तर जवळच्या बेहटचा तानसेन पुढे अकबराच्या दरबारी पोहोचला. तथापि आज ज्याला आपण ‘ग्वाल्हेर गायकी’ म्हणतो, ती एकोणिसाव्या शतकात शिंदे सरकारच्या आश्रयाने घडली. तिच्या प्रसारात मराठी माणसांचा वाटा फार मोठा आहे आणि त्या वाटेवर गोमंतकाचाही मुक्काम आहे.

हद्दू खाँ आणि हस्सू खाँ

लखनौहून ग्वाल्हेरला आलेल्या नत्थन पीरबक्ष यांचे नातू हद्दू खाँ, हस्सू खाँ आणि नत्थू खाँ हे या घराण्याचे प्रवर्तक. बडे महंमद खाँ यांची तान तेव्हा दरबारात गाजत होती. परंतु ती परक्याला शिकवण्याची रीत नव्हती. महाराजांच्या संमतीने या मुलांनी पडद्याआड बसून ती ऐकली आणि आत्मसात केली, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिकेचा भाग सोडला, तरी एक गोष्ट उरतेच. ज्यांना विद्या चोरून मिळवावी लागली, असे सांगितले जाते, त्याच बंधूंनी ती आपल्या कुटुंबाबाहेरच्या आणि धर्माबाहेरच्या शिष्यांना उघडपणे दिली. वासुदेवबुवा जोशी, देवजीबुवा हे त्यांचे मराठी शिष्य होत. सर्कशीमुळे प्रसिद्धी पावलेले विष्णुपंत छत्रे हेही हद्दू खाँचे शिष्य. गुरुपुत्र रहिमत खाँ यांचा सांभाळ छत्रे यांच्याच घरी झाला आणि ‘भूगंधर्व’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या गायकाचे निधन १९२२ मध्ये कुरुंदवाडला झाले.

पंडितांचे घर

याच नात्याचे दुसरे उदाहरण म्हणजे ग्वाल्हेरचे पंडित घराणे. चिंचवडकडून आलेल्या या कुटुंबातील विष्णुपंत हे कीर्तनकार. त्यांचा हद्दू-हस्सू खाँ यांच्याशी स्नेह जडला. त्यांचे पुत्र शंकरराव (१८६३–१९१७) आणि एकनाथ यांना या परंपरेची तालीम मिळाली. जयाजीराव शिंदे १८८६ मध्ये निवर्तले. त्यानंतर उस्ताद निसार हुसेन खाँ दरबारापासून दूर झाले आणि शंकररावांच्या घरी राहिले. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात एका ब्राह्मण कुटुंबाने मुसलमान उस्तादाला घरात ठेवून घ्यावे आणि उस्तादाने आपली विद्या त्या घरात रिती करावी, ही साधी गोष्ट नव्हती. दरबाराचा आधार सुटल्यावरही ही गायकी टिकली, ती अशा घरांमुळे.

शंकररावांचे पुत्र कृष्णराव (१८९३–१९८९) हे या परंपरेचे विसाव्या शतकातील सर्वांत अधिकारी प्रतिनिधी. ख्यालाइतकेच टप्पा आणि तराणा यांवर त्यांचे प्रभुत्व होते. १९१४ मध्ये त्यांनी ग्वाल्हेरला संगीत विद्यालय स्थापन केले; वडिलांच्या स्मरणार्थ ते ‘शंकर गांधर्व महाविद्यालय’ म्हणून ओळखले जाते. १९७३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पुत्र लक्ष्मणराव, नात मीता पंडित आणि शिष्य शरच्चंद्र आरोलकर यांनी ही धारा पुढे नेली.

गुरुमुख आणि स्वरलिपी

माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने आणि विष्णु नारायण भातखंडे यांच्या योजनेने १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय सुरू झाले. राजाभैया पूछवाले (१८८२–१९५६) हे तेथील प्रमुख अध्यापक. जुन्या बंदिशी स्वरलिपीत उतरवून वर्गात शिकवण्याची ही पद्धत होती. एकाच शहरात अशा दोन वाटा निघाल्या. स्वरलिपीमुळे शेकडो बंदिशी नष्ट होण्यापासून वाचल्या. मात्र मींड किती लांबवायची, बोल कोणत्या मात्रेवर सोडायचा, हे कागद सांगू शकत नाही. त्यासाठी गुरुमुखच हवे. दोन्ही वाटा एकमेकींना पूरक ठरल्या, म्हणूनच ही गायकी आज ऐकायला मिळते.

दक्षिणेची वाट

वासुदेवबुवा जोशींकडे शिकलेले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी ही गायकी महाराष्ट्रात रुजवली. मिरजेत त्यांच्याकडे शिकलेले विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले आणि संगीत सामान्य गृहस्थाच्या घरात नेले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास हे त्यांचे शिष्य. पलुस्करांच्या पश्चात शिष्यांनी उभारलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना गोव्यातील विद्यार्थी आजही बसतात.

दुसरी वाट रामकृष्णबुवा वझे यांची. सावंतवाडी संस्थानात १८७१ मध्ये जन्मलेले वझेबुवा लहान वयात घराबाहेर पडले आणि हालअपेष्टा सोसत ग्वाल्हेरला निसार हुसेन खाँपर्यंत पोहोचले. परतल्यावर त्यांनी मिळालेले मुक्तहस्ताने वाटले. डिचोलीजवळच्या लामगावात त्यांचा मुक्काम असे, तेव्हा केरीच्या केसरबाई केरकर यांनी त्यांच्याकडे शिक्षण घेतले. पुढे केसरबाई अल्लादिया खाँ यांच्या शिष्या म्हणून जयपूर-अत्रौली घराण्याच्या शिखरावर पोहोचल्या. तरी आरंभीच्या संस्कारांत ग्वाल्हेरचा अंश होता. मंगेशीचे मास्टर दीनानाथ हेही वझेबुवांचे शिष्य. संगीत रंगभूमीवर त्यांनी जे पेलले, त्यामागे ही तालीमही होती.

गायकीची ओळख

ग्वाल्हेरच्या गायकीत बंदिशीला मध्यवर्ती स्थान असते. आरंभी स्थायी आणि अंतरा सलग मांडून रागाचे रूप श्रोत्यापुढे उभे केले जाते. विस्तार त्यानंतर होतो. विलंबित लय अतिमंद नसते. आलाप, बोलआलाप, बोलताना, सरळ सपाट ताना आणि गमक यांचा समतोल राखला जातो. यमन, भूप, हमीर, अल्हैया बिलावल यांसारखे सर्वपरिचित राग या घराण्यात आवडीने गायले जातात. ही स्पष्टता शिकवण्यास सोयीची असल्याने इतर घराण्यांनीही येथून बरेच घेतले.

ग्वाल्हेरला आज तानसेनाच्या समाधीजवळ दर डिसेंबरात तानसेन समारोह भरतो. उस्ताद हाफिज अली खाँ यांच्या घराचे ‘सरोद घर’ हे वाद्यसंग्रहालय झाले आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने या शहराला संगीतनगरी म्हणून मान्यता दिली. हा गौरव उचितच आहे. मात्र लामगाव, मिरज, लाहोर येथे जे पोहोचले, ते दरबाराच्या वैभवाने पोहोचले नव्हते. कोणा उस्तादाने परक्या मुलाला समोर बसवून घेतले आणि त्या मुलाने पुढे दुसऱ्याला बसवले, म्हणून ते पोहोचले.