शंभरातले वीस गैरहजर

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. सवडीने वाचा.

"हल्ली कामाला माणसं मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत, सगळे आळशी झालेत." दुकानदार, हॉटेलवाले, ठेकेदार, सगळ्यांकडून मी हे वीस वर्षं ऐकतोय. गंमत म्हणजे ही तक्रार फार जुनी आहे. आपल्या नागपुरातच ती झाली होती.

१ जानेवारी १८७७ ला जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. त्याच दिवशी राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस. मुंबई सोडून इथे येण्याचं कारण साधं होतं. कापूस इथला, रेल्वे आलेली, वरोऱ्याचा कोळसा जवळ. यंत्रं आली, बेझनजी मेहतांसारखा मॅनेजर मिळाला. अडलं ते माणसांपाशी.

पहिल्याच वर्षी मजुरीच्या दरावरून तिथे संप झाला. देशातल्या अगदी सुरुवातीच्या गिरणी संपांत त्याची नोंद होते. आणि संप नसतानाही, रोज शंभरातले सरासरी वीस कामगार गैरहजर, असं जमशेदजींच्या चरित्रात वाचायला मिळतं. मला यात आळस दिसत नाही. माणूस अजून निम्मा शेतकरीच होता. पेरणी आली, लग्न निघालं, ताप आला, की घरी. गिरणीत दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत उकाड्यात आणि कापसाच्या धुळीत उभं राहायचं, आणि म्हातारपणी हातात काय, तर शून्य. चार पैसे गाठीला आल्यावर तो घरी राहिला, तर त्याचा हिशेब चुकला असं कसं म्हणणार?

त्या काळी यावर मालकांकडे ठरलेलं औषध होतं : दंड. उशीर झाला, काप. खाडा केला, काप. जमशेदजींनी दुसरी बाजू धरली. १८८६ साली पेन्शन फंड काढला. १८९५ पासून अपघाताची भरपाई. १९०१ साली प्रॉव्हिडंट फंड. हजेरी चांगली असणाऱ्यांना बक्षिसं, तीही कुटुंबासमोर समारंभ करून. आत हवा खेळती राहावी, उकाडा कमी व्हावा म्हणून यंत्रणा बसवली. (बसवली सुताच्या दर्जासाठीसुद्धा. कोरड्या हवेत धागा तुटतो. पण घाम कमी आला तो कामगाराचाच ना!)

आता सरकारचा वेग बघा. अपघात भरपाईचा कायदा आला १९२३ साली. पीएफचा कायदा १९५२ साली. म्हणजे नागपूरची गिरणी पीएफच्या बाबतीत कायद्याच्या पन्नास वर्षं पुढे.

टाटांना देव करायची गरज नाही. चाती रिकामी फिरली की मालकाचं नुकसान, हा व्यापारी हिशेब त्यांना पक्का कळत होता. शिवाय सगळं काही मालकांच्या मर्जीने मिळालं असंही नाही. तिकडे मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांना रविवारच्या एका सुट्टीसाठी वर्षानुवर्षं भांडावं लागलं, तेव्हा कुठे १८९० साली ती मिळाली.

मुंबईच्या गिरण्यांतली आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आजही चालू आहे. महिना संपला तरी पगार हातात पडायला पुढचे कित्येक दिवस जायचे. तोवर घर कशावर चालणार? सावकारावर. पगार हातात येताच व्याज जायचं. अशा माणसाचं लक्ष मागावर राहील की दारात उभ्या असलेल्या पठाणाकडे? १९३६ साली वेतन अदा करण्याचा कायदा झाला आणि तारीख बांधली गेली : हजारापेक्षा कमी कामगार असतील तर सातव्या दिवसाच्या आत, इतरांना दहाव्या.

१९३६ साली, बरं का.

आपल्या गावात घंटागाडीवर ठेकेदाराची पोरं आहेत. त्यातल्या काहींशी मी गेल्या आठवड्यात बोललो. तीन महिन्यांचा पगार थकलाय. पीएफ कापला जातो, पण भरला जातो का, हे कुणालाच माहीत नाही, कारण पगाराची पावतीच मिळत नाही. हातमोजे स्वतःच्या पैशाने. दोघं जण आठवड्यातून दोन दिवस गाडीवर न जाता बांधकामावर जातात, कारण तिथे संध्याकाळी रोख हातात पडते. मग त्या दिवशी आपल्या गल्लीतला कचरा तसाच राहतो आणि आपण ग्रुपवर फोटो टाकतो, "कामचोर लेकाचे!"

ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ मालकाने द्यायचा, ही तरतूद कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यापासून आहे. इथे मूळ मालक म्हणजे पालिका, म्हणजे कर भरणारे तुम्ही आम्ही. ठेकेदाराला बिलं कोणत्या तारखांना दिली आणि पीएफच्या चलनाच्या प्रती कुठे आहेत, असं मी माहितीच्या अधिकारात विचारलंय. अर्ज सोमवारी दिला. तीस दिवसांची मुदत आहे. उत्तर आलं की इथेच टाकतो. तोपर्यंत कुणाच्या घरचं माणूस ठेकेदारीवर असेल तर यूएएन नंबर घालून पासबुक तपासा आणि रक्कम दिसत नसेल तर मला मेसेज करा. नाव कुठे येणार नाही.