पुढच्या हातासाठी राखलेले लाकूड

लेथवर कातलेले लाकूड मराठी घराला नवे नाही. लाटणे, भोवरा, पाळण्याचे खांब, सावंतवाडीची काही रंगीत खेळणी, ही सारी फिरत्या लाकडाला धारदार हत्यार लावूनच घडतात. ती इतकी रोजची आहेत, की त्यांच्याकडे कला म्हणून पाहावे असे सहसा कुणाला सुचत नाही. या कामात गेल्या पन्नास वर्षांत जगभर जे धाडस झाले, त्यातही अनेक कारागिरांनी एकाच वस्तूवर आळीपाळीने हात चालवून जे प्रयोग केले, ते मराठी वाचकांच्या कानावर फारसे आले नसावेत. त्यांची ओळख व्हावी, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू.

लेथ हे मुळात एकट्याचे यंत्र. लाकूड आडव्या अक्षाभोवती फिरते, कारागीर टेकूवर हत्यार ठेवून ते हलकेच पुढे सारतो आणि जे निघते ते गोलच निघते. हीच त्याची ताकद आणि हीच अडचण. हात बसला की वाडगा देखणा होतो खरा, पण तो दुसऱ्या हजार वाडग्यांसारखाच. १९७० च्या दशकात कॅनडातील स्टीफन हॉगबिन यांनी कातलेले आकार करवतीने कापून तुकडे वेगळ्याच रीतीने जोडायला सुरुवात केली. अमेरिकेत मेल्विन आणि मार्क लिंडक्विस्ट या पितापुत्रांनी बुरशीने काळ्या रेषा उमटलेले, एरवी सरपणात जाणारे लाकूड मुद्दाम निवडले. १९७६ पासून पेनसिल्व्हेनियात अल्बर्ट लकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परिसंवाद भरवले आणि आपापल्या शेडमध्ये एकेकटे कातणारे हे लोक एकमेकांना भेटू लागले. पुढे फिलाडेल्फियात १९८६ मध्ये या कलेसाठी संस्था उभी राहिली. १९९५ पासून तिने उन्हाळ्यात देशोदेशीचे कारागीर काही आठवडे एकत्र आणले, आणि त्यांच्यासोबत एका अभ्यासकालाही बसवले. भुश्शात बसून टिपणे काढणाऱ्या अभ्यासकाची ही कल्पना मला विशेष आवडते.

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात, एमा लेकच्या काठी, मायकेल होसालुक यांच्या पुढाकाराने भरलेले मेळावे याहून मोकळे होते. तिथे कातणाऱ्यांच्या जोडीला फर्निचर करणारे, धातूकाम करणारे, चित्रकार असे सगळे एकाच छपराखाली. एकाने सुरू केलेली वस्तू दुसरा उचले, तिसरा तिला रंग देई, चौथा कदाचित मधोमध कापे. शेवटी सगळ्याचा लिलाव होई. न्यूझीलंडमध्येही अशीच प्रथा रुजली.

हे ऐकायला सोपे वाटते, पण यात एक वेगळेच कौशल्य लागते: काम नेमके कुठे सोडायचे, याचे. वाडग्याच्या बुडाशी लेथच्या पकडीच्या, म्हणजे चकच्या, जबड्यात धरण्यासाठी एक बुटका गोल उंचवटा ठेवलेला असतो. एकटा कारागीर शेवटी तो तासून टाकतो. गटात मात्र तो राखावा लागतो, नाहीतर पुढच्याला वस्तू पुन्हा लेथवर चढवणे मुश्कील. भिंतीचेही तसेच. आपल्या हाताची सफाई दाखवायला ती पातळ केली, तर कोरीवकाम करणाऱ्याला खोदायला लाकूडच उरत नाही. त्यात लाकूड ओले असेल तर आणखी गंमत. सुकताना ते वर्षवलयांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्यापासून सालीच्या दिशेने आकसते. त्यामुळे गोल कातून ठेवलेला वाडगा सुकता सुकता लंबगोल होतो. सोडणाऱ्याने एक वस्तू सोडलेली असते, उचलणाऱ्याच्या हाती दुसरीच येते.

आपल्याकडेही कातणारा एक आणि रंगवणारा दुसरा अशी वाटणी जुनी आहे, मग यात नवे ते काय, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. फरक असा, की खेळण्याच्या कामात शेवटचे रूप सगळ्यांना आधीच ठाऊक असते. लाकडी आंबा रंगवणाऱ्याच्या हाती आंबा म्हणूनच येतो. एमा लेकला तो पुढे काय होईल, हे कुणालाच माहीत नसे. पहिल्या रीतीत बिनचूकपणा येतो, दुसरीत अनपेक्षितपणा. दुसरीत फसलेल्या वस्तूही पुष्कळ निघतात, हे लपवण्याचे कारण नाही.

वाचकांनी अशा वस्तूंची छायाचित्रे पाहताना कोणता भाग कुणाचा, हे लगेच शोधू नये. आधी लेथची खूण शोधावी. कितीही कापले, रंगवले, जाळून काळे केले, तरी कुठेतरी वर्तुळाचा एखादा तुकडा शिल्लक असतोच. तो सापडला की नंतरचे हात आपोआप दिसू लागतात. प्रत्यक्ष वस्तू हाती आली तर ती उलटी करून बूड अवश्य पाहावे. जाणकार आधी तेच पाहतात.

आणि करून पाहण्याची इच्छा झाली, तर तिघे पुरेसे आहेत. पावसात पडलेल्या आंब्याची किंवा शिरीषाची फांदी चालेल. तोंडावर संरक्षक मुखवटा हवाच, यात सवलत नाही. वस्तू पुढे देताना सूचना देऊ नका आणि परत आल्यावर कारणे विचारू नका. स्वतःचा लेथ नसेल तर पलंगाचे पाय कातून देणारा कारागीर जवळपास आहे का, याची चौकशी करा. बुडाचा उंचवटा तासू नका, असे सांगितल्यावर तो प्रथम तुमच्याकडे संशयाने पाहील. त्याला चौथा गडी म्हणून सामील करून घेता आले, तर उत्तमच.